चांदीच्या पोटातले चुंबकीय पट्टे

वाचकांचे प्रश्न, विज्ञान सदर

प्रश्न: आमच्या घरात तीन पिढ्या पैंजणांचे काम चालते. चांदीत लोखंडाची भेसळ आहे का, हे पाहण्यासाठी गिऱ्हाईक हल्ली खिशात लोहचुंबक घेऊन येते आणि ‘खरी चांदी चुंबकाला चिकटत नाही’ असे आम्हीही त्याला सांगतो. मुलाच्या महाविद्यालयीन पुस्तकात मात्र ‘तीव्र चुंबकीय क्षेत्रात चांदीतही डोमेन तयार होतात’ असे वाक्य वाचले. डोमेन लोखंडात असतात असे आम्ही शिकलो होतो. मग चांदी चुंबकीय म्हणायची की अचुंबकीय? (एक कारागीर, हुपरी, जि. कोल्हापूर)

उत्तर: आपण गिऱ्हाइकाला सांगता ते बरोबर आहे आणि पुस्तकातले वाक्यही बरोबर आहे. डोमेन हा शब्द आपण सर्वांनी लोखंडाला जखडून टाकला आहे, त्यामुळे हा घोटाळा होतो. डोमेन म्हणजे पदार्थातला असा पट्टा किंवा तुकडा, की ज्याच्या आत चुंबकन (पदार्थात उमटलेले चुंबकत्व) सर्वत्र सारखे आहे आणि शेजारच्या तुकड्यात मात्र वेगळे आहे. एवढ्याच अर्थाने पाहिले तर ते लोखंडातच तयार झाले पाहिजेत असा काही नियम नाही.

आपल्या दुकानातली चांदी प्रतिचुंबकीय आहे. चुंबक जवळ आणला तर ती ओढली जात नाही, उलट किंचित दूर ढकलली जाते. पण हे ढकलणे इतके क्षीण असते की हाताला त्याचा पत्ताही लागत नाही. चांदीत उमटणारा विरोध मूळ क्षेत्राच्या सुमारे चाळीस हजारांत एक भाग एवढाच असतो. एमआरआय यंत्रांतले क्षेत्र बहुधा 1.5 किंवा 3 टेस्लाचे असते (टेस्ला आणि गॉस ही चुंबकीय क्षेत्र मोजण्याची एकके). त्याहून कितीतरी प्रबळ अशा 10 टेस्लाच्या, म्हणजे एक लाख गॉसच्या क्षेत्रात चांदीचा विरोध जेमतेम अडीच गॉस भरतो. (जाता जाता: चुंबकाच्या परीक्षेने लोखंड पकडता येते, पण तांबे, जस्त आणि जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाहीत, तेव्हा टंच काढण्याला पर्याय नाही, हे आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.)

लोखंडातल्या डोमेनची कल्पना पियरे वाइस यांनी 1907 साली मांडली. तेथे शेजारशेजारच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन आपली फिरक (स्पिन) एकमेकांशी जुळवून घेतात आणि त्यांना एका दिशेला धरून ठेवणारे बळ एवढे जबर असते की 770 अंश सेल्सिअसपर्यंत उष्णतेलाही ते मोडता येत नाही. बाहेरचे क्षेत्र नसतानाही लोखंडात डोमेन असतात, ते यामुळे. चांदीत असे काहीच नाही. चांदीतले डोमेन फिरकीतून निर्माण होत नाहीत, तर इलेक्ट्रॉनांच्या वाटोळ्या भ्रमणातून निर्माण होतात, आणि ते भ्रमण घडवून आणायला बाहेरचे क्षेत्र लागतेच. क्षेत्र काढून घेतले की डोमेनही संपले.

चुंबकीय क्षेत्रात धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन गोल फिरू लागतात, आणि पुंज सिद्धांतानुसार या वर्तुळांना वाटेल ते माप घेता येत नाही. बांगड्या जशा सव्वादोन, अडीच, पावणेतीन अशा ठराविक मापांतच मिळतात, मधले माप मागून मिळत नाही, तसेच हे आहे. फरक एवढाच की येथे बाहेरचे क्षेत्र वाढवले की सगळी मापे एकदम बदलतात आणि इलेक्ट्रॉनांच्या साठ्यात (म्हणजे त्यांनी व्यापलेल्या गती-स्थितींच्या संचात) मावणाऱ्या मापांची संख्या कमी होत जाते. चांदीत 10 टेस्लाच्या क्षेत्रात अशी सुमारे 4,700 मापे मावतात. क्षेत्र आणखी 21 गॉसने वाढवले की सर्वांत बाहेरचे माप साठ्याबाहेर पडते, पुढच्या 21 गॉसनंतर त्याच्या आतले, आणि असे चालूच राहते. दर वेळी चांदीचे चुंबकन एकदा क्षेत्राच्या बाजूने आणि एकदा क्षेत्राच्या विरुद्ध असा हेलकावा खाते. म्हणजे आपली प्रतिचुंबकीय चांदी अत्यंत थंड आणि अत्यंत शुद्ध असेल तर क्षेत्राच्या एका मूल्याला प्रतिचुंबकीय ठरते आणि दहा गॉस पुढे गेले की तिचे चुंबकन क्षेत्राच्या बाजूने वळते.

हा हेलकावा 1930 साली नेदरलँड्समधल्या लायडन येथे वान्डर द हास आणि पीटर फान आल्फेन यांना बिस्मथच्या स्फटिकात आढळला, म्हणून त्याला द हास–फान आल्फेन परिणाम म्हणतात. त्याच वर्षी लेव लांदाऊ यांनी असा हेलकावा निघेल हे कागदावर दाखवले होते, पण प्रयोगात तो दिसणे कठीण आहे असेही त्यांनी लिहून ठेवले. थोर माणसांचे अंदाजही कधीकधी वर्षभरसुद्धा टिकत नाहीत, ते असे.

थंडी आणि शुद्धता या दोन्ही अटी सोडता येण्यासारख्या नाहीत. 10 टेस्लाच्या क्षेत्रात लागोपाठच्या दोन मापांमधले ऊर्जेचे अंतर सुमारे 13 केल्विनच्या (उणे 273 अंश सेल्सिअसच्या वर 13 अंशांच्या) उष्णतेएवढे असते. तापमान त्याच्या बरेच खाली नसेल तर मापे एकमेकांत मिसळतात आणि हेलकावा पुसला जातो. शुद्धतेची गरज इलेक्ट्रॉनाला एक फेरी न अडखळता पुरी करता यावी यासाठी आहे. 10 टेस्लाला चांदीतल्या इलेक्ट्रॉनाच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे 0.8 मायक्रोमीटर, म्हणजे एका फेरीची वाट सुमारे 5 मायक्रोमीटर होते. खोलीच्या तापमानाला मात्र शंभर नंबरी चांदीतला इलेक्ट्रॉनही सुमारे 50 नॅनोमीटर जाऊन कशाला तरी धडकतो, म्हणजे फेरीचा जेमतेम शंभरावा हिस्सा पुरा होतो.

प्रश्न: वरील विषयाच्या तयारीत मला एक शंका आली. चांदीचे चुंबकन लाखात काही गॉस एवढेच असेल, तर बाहेरून लावलेले क्षेत्र आणि चांदीच्या आतले एकूण क्षेत्र यांत फरक तो काय राहिला? तरीही डोमेनचे स्पष्टीकरण देताना सर्व ग्रंथ ‘आतले क्षेत्रच घ्या’ असा आग्रह धरतात. एवढ्याशा फरकाने धातूचे पट्टे कसे पडू शकतात? (एम. एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरे वर्ष, नांदेड)

उत्तर: आपण नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. हीच शंका 1962 पर्यंत बहुतेकांना शंका वाटतच नव्हती. फरक नगण्य आहे असे म्हणून सगळे बाहेरचेच क्षेत्र घेऊन गणित करीत. केंब्रिजचे डेव्हिड शोएनबर्ग तांबे, चांदी आणि सोने यांतले हेलकावे मोजत असताना त्यांना असे दिसले की लहरीचा आकार सिद्धांतात बसत नाही, तिच्या वरच्या पटीच्या लहरी अपेक्षेपेक्षा फारच जोरकस आहेत. त्यांनी सुचवले की इलेक्ट्रॉनांना बाहेरचे क्षेत्र जाणवत नाही, आतले एकूण क्षेत्र जाणवते, आणि त्या एकूण क्षेत्रात इलेक्ट्रॉनांनी स्वतः निर्माण केलेली भरही असते.

आता आपल्या ‘एवढ्याशा’ फरकाकडे वळू. लाख गॉसांपुढे तीन-चार गॉस म्हणजे काहीच नव्हे, हे खरे. पण हेलकाव्याचे मोजमाप लाख गॉसशी नसते, ते हेलकाव्याच्या एका फेऱ्याच्या (म्हणजे एका पूर्ण आवर्तनाच्या) रुंदीशी असते, आणि ती रुंदी चांदीत 10 टेस्लाला अवघी 21 गॉस आहे. म्हणजे चुंबकन किती मोठे आहे हा प्रश्न येथे गौण आहे; ते किती झपाट्याने बदलते हे महत्त्वाचे.

हा झपाटा हिशेबात कसा येतो ते पाहू. समजा बाहेरचे क्षेत्र आपण 1 गॉसने वाढवले आणि लहरीच्या त्या चढावर चांदीने दर गॉसमागे अर्धा गॉस आपली भर घातली. इलेक्ट्रॉनांना आता दीड गॉसची वाढ जाणवते, म्हणून त्या वाढीव अर्ध्यावर ते आणखी पाव गॉस घालतात, त्या पावावर अर्धा पाव, आणि हे असेच पुढे. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा हा प्रकार असला तरी त्याची बेरीज 2 गॉसवर थांबते. आता भर अर्ध्याऐवजी पाऊण गॉस धरा; बेरीज 4 गॉसवर थांबेल. भर दर गॉसमागे पुरी एक गॉस झाली, की बेरीज थांबतच नाही. गणिताच्या भाषेत, चुंबकनाच्या चढाचा उतारमान (दर गॉसमागची भर) एकापेक्षा मोठा झाला की त्या पट्ट्यातले कोणतेही क्षेत्र धातूला धरून ठेवता येत नाही. तो पट्टा निषिद्ध होतो आणि आतले क्षेत्र त्यावरून उडी मारून पलीकडच्या स्थिर जागी जाऊन बसते. केंब्रिजचेच ब्रायन पिपर्ड यांनी 1963 मध्ये हे ऊष्मागतिकीच्या (उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राच्या) चौकटीत बसवून दाखवले: वाफेचे पाणी होताना मधल्या घनतेचे द्रव्य जसे टिकू शकत नाही, तसे येथे मधले क्षेत्र टिकू शकत नाही.

उतारमान एकापर्यंत न्यायला किती मोठा हेलकावा लागतो, हे आपणच काढून पाहावे. साधी ज्यावक्रासारखी लहर धरली, तर तिचा सर्वांत तीव्र चढ म्हणजे हेलकाव्याचा आवाका (मधल्या पातळीपासून एका बाजूचा) गुणिले दोन पाय (2π), भागिले एका फेऱ्याची रुंदी. रुंदी 21 गॉस असेल तर आवाका सुमारे साडेतीन गॉस झाला की पुरे. लाखात साडेतीन! क्षेत्र कमी केले की फेऱ्याची रुंदी क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे आकसते हे सोयीचे वाटेल, पण त्याच वेळी हेलकावाही त्याहून वेगाने मावळतो, म्हणून फार क्षीण क्षेत्रात डोमेन मिळत नाहीत.

येथवर उडीचे झाले. पट्टे अजून पडलेले नाहीत. ते नमुन्याच्या आकारावर ठरते, आणि या विषयातला आमच्या मते सर्वांत देखणा भाग हाच आहे. क्षेत्राच्या दिशेने लांब ठेवलेली बारीक सळई घेतली, तर तिच्यातले क्षेत्र सगळीकडे एकदमच उडी मारू शकते. तिला अडवणारे कोणी नाही. पण त्याच चांदीची पातळ, रुंद चकती करून ती क्षेत्राला आडवी धरली, तर चकतीतून जाणाऱ्या क्षेत्ररेषांना बाजूने वळून जायला वाट नसते. बाहेरून जेवढे क्षेत्र येते तेवढेच सरासरीने चकतीतून जावे लागते. हे बाहेरचे मूल्य नेमके निषिद्ध पट्ट्यात पडले तर चकतीची पंचाईत होते, कारण सरासरी ते मूल्य राखायचे आहे, पण प्रत्यक्षात ते कुठेही असू द्यायचे नाही. सुटका एकच उरते: काही भागाने निषिद्ध पट्ट्याच्या अलीकडचे मूल्य घ्यायचे, उरलेल्याने पलीकडचे, आणि दोघांची वाटणी अशी करायची की सरासरी जुळावी. बाहेरचे क्षेत्र जसजसे वाढते तसतसा जास्त क्षेत्राचा वाटा वाढत जातो, शेवटी तो सगळी चकती व्यापतो, काही काळ सर्वत्र एकच क्षेत्र राहते आणि पुढच्या फेऱ्यात पुन्हा तीच फाळणी होते. अतिसंवाहक (कडक थंडीत विजेला अजिबात न अडवणाऱ्या) शिशाच्या चकतीत सामान्य आणि अतिसंवाहक पट्टे शेजारी शेजारी राहतात, त्याचे गणित आपण अभ्यासले असेल. हे त्याचेच भावंड आहे.

हा तर्क न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणारे जोसेफ काँडन यांनी 1966 साली, बेरिलियमच्या स्फटिकावरील आपल्या मोजणीच्या आधारे मांडला, म्हणून या पट्ट्यांना काँडन डोमेन म्हणतात. बेरिलियमच का, तर त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या साठ्यात चिरुटाच्या आकाराचे भाग आहेत आणि त्यामुळे त्याचा हेलकावा मोठा व एक फेरा चांदीच्या मानाने ऐसपैस असतो. काँडन यांचे वडील एडवर्ड काँडन हेही नामवंत भौतिकशास्त्रज्ञ होते. स्वतः जोसेफ यांनी पुढे केन थॉम्पसन यांच्यासह बुद्धिबळ खेळणारे ‘बेल’ हे यंत्र बांधले आणि 1980 साली त्याने संगणकांच्या बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवले. पुष्कळ लोक त्यांना त्या यंत्रासाठीच ओळखतात. पट्ट्यांची आठवण ठेवणारे थोडेच.

प्रश्न: लोखंडातले डोमेन लोहचूर्ण टाकून सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. चांदीतले हे पट्टे कोणी पाहिले आहेत, की ते केवळ कागदावरच आहेत? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: पाहिले आहेत, पण त्याला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. लोहचूर्णाची युक्ती येथे चालणार नाही, कारण शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये फरक दहा-बारा गॉसचा आणि दोघांच्याही अंगावर तेच लाख गॉसचे ओझे. महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण 0.4 गॉस भरते. त्याच्या पंचवीस-तीस पट फरक लाखाच्या पाठीवर ओळखायचा, आणि तोही उणे 272 अंश सेल्सिअसच्या आसपास.

पहिला पुरावा अप्रत्यक्ष होता. काँडन आणि त्यांचे सहकारी वॉलस्टेड यांनी 1968 मध्ये चांदीच्या एका स्फटिकावर अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा प्रयोग केला. एमआरआय ज्या तत्त्वावर चालते तेच हे तत्त्व. चांदीच्या केंद्रकांना आपल्या जागी जेवढे क्षेत्र जाणवते तेवढ्याच वारंवारतेला ते प्रतिसाद देतात, म्हणून सगळीकडे एकच क्षेत्र असेल तर एकच रेषा मिळते. 9 टेस्लाच्या आसपास हेलकाव्याच्या एका भागात ती एकच राहिली आणि दुसऱ्या भागात तिच्या दोन झाल्या, त्यांच्यामध्ये सुमारे 12 गॉसचे अंतर. दोन रेषा म्हणजे दोन क्षेत्रे, आणि मधल्या मूल्याला कोणीच नाही. निषिद्ध पट्ट्याची याहून स्वच्छ साक्ष मागायची कशाला, असे आम्हाला वाटते. पण शंकेखोरांना आधार होता. रेडिओ लहरी धातूत फार खोल शिरत नाहीत, तेव्हा ही साक्ष पृष्ठभागाजवळच्या पातळ थराची होती. आतले काय?

आतले उत्तर 1996 मध्ये म्यूऑनांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनासारख्या पण त्याहून जड अशा अल्पायुषी कणांनी दिले. स्वित्झर्लंडमधल्या फिलिगेन येथे शोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या स्फटिकात म्यूऑन सोडले. म्यूऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंद जगतो, तेवढ्या आयुष्यात तो धातूच्या गाभ्यात जाऊन थांबतो आणि आपल्या जागेच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखा घुमतो. दर टेस्लामागे सेकंदाला सुमारे साडेतेरा कोटी घेरे. मरताना तो जो पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनाचा धनभारित जुळा) फेकतो तो बहुधा फिरकीच्या दिशेला जातो, त्यावरून घुमण्याची गती मोजता येते. बेरिलियममध्ये एकाऐवजी दोन गती निघाल्या, म्हणजे पट्टे गाभ्यातही होते. याच पद्धतीने पुढे कथील, ॲल्युमिनियम आणि शिसे यांतही ते सापडले.

तरीही या दोन्ही प्रयोगांनी ‘दोन क्षेत्रे आहेत’ एवढेच सांगितले. कोणते कुठे आहे याचा नकाशा कोणी काढला नव्हता. तो 2005 साली फ्रान्समधल्या ग्रनोबल येथील तीव्र चुंबकीय क्षेत्रांच्या प्रयोगशाळेत निघाला. चांदीच्या अतिशुद्ध स्फटिकाच्या पृष्ठभागाला अगदी चिकटून दहा मायक्रोमीटरांच्या आसपासच्या मापाचे हॉल संवेदक (चुंबकीय क्षेत्र मोजणारी बारीक साधने) बसवले आणि तापमान 1.3 केल्विन व क्षेत्र 10 टेस्ला ठेवून जागोजागचे क्षेत्र नोंदवले. पट्टे दिसले: जास्त क्षेत्राचा एक, कमी क्षेत्राचा एक, पुन्हा जास्तीचा, अशी जोडी सुमारे 150 मायक्रोमीटरनंतर पुन्हा येणारी. डोक्याच्या केसाच्या दुपटीहून फारसे अधिक नाही, पण संवेदकाच्या मानाने ते मैदानच. दोन पट्ट्यांमधली भिंत मात्र सुमारे 20 मायक्रोमीटर जाड निघाली. ती इलेक्ट्रॉनाच्या वर्तुळाएवढी, म्हणजे एखाद्या मायक्रोमीटरची असेल, अशी सिद्धांताची अटकळ होती. तेव्हा भिंतीच्या बाबतीत सिद्धांताला पुन्हा पाटीवर यावे लागले.

प्रश्न: याचा व्यवहारात उपयोग काय? आणि एमआरआय काढताना पायातल्या पैंजणात असे पट्टे पडत असतील का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर: यंत्र किंवा वस्तू म्हणून उपयोग नाही, आणि तो ओढूनताणून शोधण्याची गरजही आम्हाला वाटत नाही. संशोधकांना मात्र याचे भान ठेवावे लागते, कारण द हास–फान आल्फेन हेलकावा हे धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या साठ्याचा आकार मोजण्याचे मुख्य साधन आहे, आणि पट्टे पडू लागले की त्या हेलकाव्याचा आकार बिघडतो. न ओळखता मोजले तर धातूत नसलेले गुण त्याच्या माथी मारले जातात.

पैंजणात असे काही होत नाही. शरीराच्या उबेत राहणाऱ्या चांदीसाठी हेलकाव्याची ताकद काढायची झाली, तर 10 टेस्लाच्या क्षेत्रातही तिला एकावर दीडशेहून अधिक शून्ये असलेल्या संख्येने भागावे लागते, आणि एमआरआयचे क्षेत्र तर त्याहून कमी. शिवाय दागिन्याच्या चांदीत तांबे मिसळलेले असते, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या वाटेत आणखी धोंडे. तरीही तपासणीच्या खोलीत जाण्यापूर्वी पैंजण काढूनच ठेवावे. त्याला कारण डोमेन नव्हे: यंत्राच्या रेडिओ लहरींमुळे धातूच्या बंद कडीत प्रवाह फिरून ती तापू शकते, आणि पैंजणाच्या फासातली कमान पोलादाची असेल तर तिला चुंबक ओढल्याशिवाय राहणार नाही.